हिशेब शिकलेल्या मुलाची समाजसेवा: कम्युनिटी कॉलेजच्या पदवीधराच्या आईला उत्तर

कॅलिफोर्नियातील फ्रीमॉन्ट येथील एका आईने विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. त्यांच्या मुलाने जवळच्या कम्युनिटी कॉलेजातून, म्हणजे दोन वर्षांच्या सरकारी कॉलेजातून, अकाउंटिंगची असोसिएट ही दोन वर्षांची पदवी घेतली आहे. तो एका लहान कार्यालयात अर्धवेळ हिशेब लिहितो आणि येत्या ऑगस्टमध्ये कॅलिफोर्निया स्टेट युनिव्हर्सिटीच्या एका शाखेत थेट तिसऱ्या वर्षाला प्रवेश घेणार आहे. शनिवारी तो गरजूंना अन्न देणाऱ्या फूड बँकेत धान्याची खोकी भरतो आणि महाराष्ट्र मंडळाच्या कार्यक्रमांत पडेल ते काम करतो. नातेवाइकांना मुळात कम्युनिटी कॉलेजच कमी दर्जाचे वाटते. त्यात ही समाजसेवा म्हणजे अभ्यासाच्या वेळेची उधळपट्टी, असे त्यांचे मत आहे. या सेवेचा पुढे नोकरीत काही उपयोग होतो का, असे आईंना जाणून घ्यायचे आहे. कॅलिफोर्नियातील कम्युनिटी कॉलेजांमध्ये ट्रान्सफर (म्हणजे तिथून विद्यापीठात जाणे) आणि नोकरी या दोन्ही बाबतींत विद्यार्थ्यांना सल्ला देण्यात माझी नोकरीची बहुतेक वर्षे गेली असल्यामुळे उत्तर जरा सविस्तर देतो.

माझे मत आधीच सांगून टाकतो. सेवा सोडू नये, पण ती आज आहे त्याच रूपात चालूही ठेवू नये. तासांची बेरीज वाढवल्याने करिअरला फारसे काही मिळत नाही. मुलाने जी विद्या शिकली तिच्या जवळचे काम हाती घेतले, आणि त्या कामात चूक झाली तर कोणाचे तरी नुकसान होईल व म्हणून ते काम दुसरे कोणीतरी तपासेल अशी व्यवस्था असली, तर मात्र नोकरी आणि सेवा या दोन गोष्टी वेगवेगळ्या काढाव्या लागत नाहीत. हिशेबाच्या विद्यार्थ्याला अशी कामे अमेरिकेत भरपूर आहेत आणि बहुतेकांना ती माहीत नसतात.

नातेवाइकांच्या शंकेवर फार वेळ घालवण्याची गरज नाही. तरी काही तपशील हाताशी असावेत. अमेरिकेतील सर्वांत जुने सरकारी कम्युनिटी कॉलेज १९०१ साली इलिनॉयमधील जोलिएट येथे सुरू झाले. कॅलिफोर्नियात १९६०च्या मास्टर प्लॅनने उच्चशिक्षणाची वाटणीच ठरवून दिली: शालेय पदवीधरांपैकी गुणवत्तेनुसार वरचा आठवा हिस्सा युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियासाठी, वरचा एक तृतीयांश स्टेट युनिव्हर्सिटीसाठी, आणि कम्युनिटी कॉलेजचे दार शिकू इच्छिणाऱ्या प्रत्येकासाठी उघडे. म्हणजे हे कॉलेज प्रवेश हुकलेल्यांसाठी मागाहून जोडलेला भाग नसून त्या रचनेचा पाया आहे. राज्यातील रहिवाशांसाठी येथील शुल्क २०१२च्या उन्हाळ्यापासून युनिटमागे (अभ्यासक्रमाच्या एका श्रेयांकामागे) ४६ डॉलर आहे. असोसिएट पदवीच्या साठ युनिटांचे २,७६० डॉलर होतात, आणि इतर किरकोळ शुल्क व पुस्तके धरूनही हा खर्च चार वर्षांच्या विद्यापीठातील पहिल्या दोन वर्षांच्या जवळपासही जात नाही. अंतराळयानाचे नेतृत्व करणारी पहिली अमेरिकन महिला आयलीन कॉलिन्स यांची पहिली पदवी न्यूयॉर्क राज्यातील कॉर्निंग कम्युनिटी कॉलेजची आहे, हेही कोणी विचारल्यास सांगता येईल. मला स्वतःला मात्र दुसरी एक गोष्ट अधिक बोलकी वाटते. सीपीए या सनदी लेखापालाच्या परीक्षेसाठी अकाउंटिंगची युनिटे कमी पडतात तेव्हा नामांकित विद्यापीठांचे पदवीधर ती पूर्ण करायला संध्याकाळच्या वर्गांत याच कॉलेजांत येऊन बसतात, आणि तुमच्या मुलाच्या शेजारच्या बाकावर अशी मंडळी बसलेली असणार.

आता सेवेकडे येतो. प्रवेशाच्या दृष्टीने तिचे वजन किती, याबाबत पालकांत बराच गैरसमज आहे. स्टेट युनिव्हर्सिटीत ट्रान्सफर होताना मुख्यतः युनिटे, ठरावीक विषय आणि ग्रेड पाहिले जातात. ‘असोसिएट डिग्री फॉर ट्रान्सफर’ असेल तर व्यवस्थेतील कोणत्या तरी शाखेत प्रवेशाची हमी मिळते, मात्र हव्या त्याच शाखेची नव्हे. या हिशेबात फूड बँकेचे तास कुठेच येत नाहीत. युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियाच्या अर्जातील निबंधप्रश्नांत समाजासाठी काय केले असे विचारणारा एक प्रश्न असतो, परंतु तिथेही किती तास यापेक्षा काय बदलले याला महत्त्व असते. तुमच्या मुलाचा प्रवेश तर झालेलाच आहे. त्यामुळे अर्ज सजवण्यासाठी सेवा ही कल्पना आता मनातून काढून टाकता येईल, आणि माझ्या दृष्टीने ही सोयीचीच गोष्ट आहे.

महाराष्ट्रात शिकलेल्या आपल्या पिढीच्या मनात समाजसेवा म्हटले की राष्ट्रीय सेवा योजना येते: दोन वर्षांत २४० तास, सात दिवसांचे शिबिर, श्रमदान आणि शेवटी प्रमाणपत्र. अमेरिकेतही तास मोजणाऱ्या योजना आहेत. टेनेसी राज्यात ‘टेनेसी प्रॉमिस’ या योजनेतून कम्युनिटी कॉलेजचे शुल्क भरले जाते, आणि त्यासाठी विद्यार्थ्याने दर सत्रात आठ तास सेवा करावी अशी अट आहे. अट वाईट नाही. अनेकांना ती पहिल्यांदा घराबाहेर काढते. पण सक्तीच्या तासांचा एक गुणधर्म असा की ते पूर्ण होताच काम थांबते. कॅलिफोर्नियातील ‘कॉलेज कोअर’ ही योजना मला अधिक विचारपूर्वक आखलेली वाटते: एका शैक्षणिक वर्षात ४५० तास सेवा करणाऱ्या विद्यार्थ्याला त्यातून १०,००० डॉलरपर्यंत मिळतात. कष्टकरी घरातील विद्यार्थ्याला सेवा परवडावी, हा त्यामागचा विचार आहे. तुमचा मुलगा जाणार आहे ती शाखा या योजनेत आहे का, आणि तो तिच्या अटींत बसतो का, हे तिथल्या कार्यालयात जरूर विचारावे. फेडरल वर्क-स्टडी (केंद्र सरकारच्या निधीतून विद्यार्थ्यांना दिले जाणारे पगारी काम) मिळत असेल तर त्याचीही चौकशी करावी, कारण त्या निधीपैकी किमान सात टक्के रक्कम समाजोपयोगी कामांवर खर्च करणे संस्थांवर बंधनकारक असते आणि त्या जागा बऱ्याचदा लवकर भरत नाहीत.

हिशेबाच्या विद्यार्थ्यासाठी माझी पहिली शिफारस मात्र निःसंशय ‘व्हिटा’ची आहे. अमेरिकेच्या आयआरएस या करविभागाचा हा उपक्रम १९६९पासून चालू आहे. यात प्रशिक्षित स्वयंसेवक कमी उत्पन्नाच्या लोकांची करविवरणपत्रे विनामूल्य भरून देतात. जानेवारीच्या अखेरीपासून १५ एप्रिलच्या मुदतीपर्यंत ग्रंथालयांत, समाजमंदिरांत आणि कित्येक कम्युनिटी कॉलेजांत ही केंद्रे चालतात. स्वयंसेवक होण्यासाठी आचारसंहितेची आणि करकायद्याची परीक्षा द्यावी लागते, त्यात ऐंशी टक्के गुण लागतात, आणि प्रशिक्षण ऑनलाइन व फुकट असते. केंद्रात भरलेले प्रत्येक विवरणपत्र दुसऱ्या प्रमाणित स्वयंसेवकाने तपासल्याशिवाय पुढे जात नाही. वर मी जी तपासणीची व्यवस्था म्हणालो ती हीच.

या कामात नेमके काय शिकायला मिळते ते एका उदाहरणाने सांगतो, कारण ‘अनुभव मिळतो’ या शब्दांतून काहीच कळत नाही. समोर एक बाई बसलेली आहे. ती एका ठिकाणी स्वयंपाकघरात आणि दुसरीकडे सफाईचे काम करते, तिच्याजवळ दोन डब्ल्यू-टू फॉर्म (मालकाने दिलेले वर्षाच्या पगाराचे दाखले) आहेत आणि घरात दोन मुले आहेत. अर्न्ड इन्कम टॅक्स क्रेडिट ही कमी मिळकतीच्या कुटुंबांसाठीची सवलत तीन किंवा अधिक मुलांच्या कुटुंबाला ७,००० डॉलरहून अधिक मिळू शकते. दोन मुलांच्या घरालाही तिची रक्कम दोन-तीन महिन्यांच्या भाड्याइतकी भरू शकते. ती मिळण्यासाठी मूल वर्षाच्या निम्म्याहून अधिक काळ त्या पालकाकडे राहिलेले असावे लागते. आता आईवडील वेगळे राहत असतील आणि वडिलांनी आधीच तेच मूल आपल्या विवरणपत्रात दाखवले असेल, तर तिचे विवरणपत्र ई-फाइल करताना नाकारले जाण्याची दाट शक्यता असते. मूल कोणाकडे राहत होते हा प्रश्न विचारावा तर लागतो, पण तो कसा विचारायचा हे कोणत्याही पाठ्यपुस्तकात नसते. उत्तर ऐकून शाळेचे पत्र किंवा डॉक्टरकडचा पत्ता असलेला कागद मागायचा, तो नसेल तर तिला घाई न करता परत बोलवायचे, आणि जे विवरणपत्र केंद्राच्या कक्षेबाहेरचे आहे, उदाहरणार्थ घरभाड्याचे उत्पन्न किंवा तोट्यातला धंदा, ते नम्रपणे नाकारायचे. एकवीस वर्षांच्या मुलाने एक हंगाम हे केले की अकाउंटिंगच्या कार्यालयातील मुलाखतीत त्याला अवघड ग्राहकाबद्दल प्रश्न आला तर तो अडखळत नाही. मी ज्या मालकांशी नोकऱ्यांबाबत बोलत असे त्यांपैकी लहान कार्यालये चालवणारे तर व्हिटाचे नाव अर्जात दिसले की आधी तोच अर्ज बाजूला काढून ठेवत.

मराठी, हिंदी, स्पॅनिश अशी दुसरी भाषा येणे इथे फार कामाचे ठरते. फ्रीमॉन्ट, मिलपिटास, सॅन होजे या भागांत मुलांकडे राहायला आलेले, ग्रीन कार्ड असलेले आणि थोडेफार काम करणारे आजी-आजोबा कमी नाहीत; त्यांना इंग्रजी फॉर्मपेक्षा आपल्या भाषेत समजावून सांगणारा माणूस हवा असतो.

व्हिटाचे काम विनामोबदलाच असते. तिथल्या स्वयंसेवकाने ग्राहकाकडून एक डॉलरही घेता कामा नये. परंतु त्याच ज्ञानावर पुढे उपजीविकेची शिडी उभी राहते, आणि तिच्या पहिल्या पायऱ्यांना चार वर्षांची पदवी लागत नाही. कॅलिफोर्नियात पैसे घेऊन करविवरणपत्रे भरायची तर सीपीए, वकील किंवा एनरोल्ड एजंट नसलेल्या व्यक्तीने सीटेक या परिषदेकडे नोंदणी करावी लागते: साठ तासांचा अभ्यासक्रम, ५,००० डॉलरचा हमीबाँड आणि पुढे दरवर्षी वीस तासांचे प्रशिक्षण. त्यावरची पायरी एनरोल्ड एजंटची. आयआरएसची तीन भागांची परीक्षा उत्तीर्ण झाली आणि स्वतःच्या करभरण्याची पार्श्वभूमी स्वच्छ असली की हा परवाना मिळतो आणि करदात्याच्या वतीने आयआरएससमोर उभे राहण्याचा अधिकार मिळतो. पदवीची अट नाही. मुलाने विद्यापीठातील दोन वर्षांत हे तीन भाग एकेक करून दिले तर पदवी हातात येण्याआधीच त्याच्याकडे देशभर चालणारा परवाना असेल. सीपीएसाठी पदवी हवीच. तिच्या युनिटांचे आणि अनुभवाचे नियम अलीकडे बदलत असल्यामुळे कॅलिफोर्निया बोर्ड ऑफ अकाउंटन्सीच्या चालू नियमांवरच विसंबावे, नात्यातल्या सीपीएच्या आठवणींवर नव्हे.

महाराष्ट्र मंडळातील कामाबद्दलही एक सूचना आहे. तिथे तुमचा मुलगा खुर्च्या मांडतो, तिकिटे फाडतो, पार्किंग सांभाळतो. हे कोणीतरी करायलाच हवे आणि तो ते आनंदाने करतो यात वावगे काही नाही. पण अशा मंडळांत ज्या कामाला माणूस मिळत नाही ते काम खजिनदाराचे असते, आणि हिशेब शिकलेला तरुण आपणहून खजिनदाराचा सहायक होतो म्हणाला तर कार्यकारिणी त्याला नाही म्हणेल असे मला वाटत नाही. ५०१ (सी) (३) या कलमाखाली करमुक्त म्हणून नोंदवलेल्या संस्थेला आयआरएसकडे दरवर्षी माहिती द्यावी लागते. वार्षिक जमा साधारणतः ५०,००० डॉलरपर्यंत असेल तर ९९०-एन हे लहानसे ऑनलाइन विवरण पुरते. मात्र सलग तीन वर्षे ते भरायचे राहून गेले तर संस्थेची करमुक्ती कायद्यानेच आपोआप रद्द होते. कार्यकारिणी दरवर्षी किंवा दोन वर्षांनी बदलते, जुन्या खजिनदाराने नव्याला सांगितलेले नसते, आणि पासवर्ड तिसऱ्याच कोणाच्या ईमेलमध्ये असतो. सगळ्या भाषांच्या मंडळांत हे असेच घडते. याशिवाय कॅलिफोर्नियाच्या ॲटर्नी जनरलकडील धर्मादाय नोंदणीचे वार्षिक नूतनीकरण वेगळे. देणग्यांच्या पावत्यांतही बारकावे आहेत: गणेशोत्सवासाठी कोणी १०० डॉलर दिले आणि त्या बदल्यात त्याला जेवणाची कूपने मिळाली, तर रक्कम ७५ डॉलरहून अधिक असल्यामुळे त्या जेवणाची अंदाजे किंमत किती आणि करवजावट कितीवर मिळेल हे मंडळाने देणगीदाराला लेखी कळवणे बंधनकारक आहे. तुमच्या मुलाने एका वर्षात या मुदतींचे, पासवर्डांचे आणि पावत्यांच्या नमुन्यांचे एक नीटस टिपण तयार करून ठेवले, तर त्याच्या नंतरच्या खजिनदारांचे कष्ट वाचतील आणि मुलाखतीत दाखवायला त्याच्याकडे एक खरोखरचे काम असेल.

आणखी एक जागा सांगतो, जिच्याकडे पदवीधरांचे लक्ष क्वचितच जाते. कॅलिफोर्नियात २००० साली मतदारांनी मंजूर केलेल्या प्रपोझिशन ३९ या प्रस्तावानंतर शाळांच्या आणि कम्युनिटी कॉलेजांच्या इमारतींसाठीचे कर्जरोखे दोन तृतीयांशाऐवजी पंचावन्न टक्के मतांनी मंजूर होऊ लागले. त्या बदल्यात असे रोखे मंजूर झालेल्या प्रत्येक शाळा किंवा कॉलेज जिल्ह्याला (त्या भागातील शाळा किंवा कॉलेजे चालवणाऱ्या स्थानिक संस्थेला) नागरिकांची स्वतंत्र देखरेख समिती नेमावी लागते. तिच्यात किमान सात सदस्य असतात. करदात्यांच्या संघटनेचा, ज्येष्ठ नागरिकांच्या संघटनेचा, व्यापारी संघटनेचा असे प्रतिनिधी असतात, आणि कॉलेजच्या समितीवर एक विद्यार्थीही असतो, जो विश्वस्तांनी ठरवल्यास पदवी घेतल्यानंतर सहा महिन्यांपर्यंत राहू शकतो. त्यापुढे सामान्य नागरिक म्हणून अर्ज करता येतो. मुदत किमान दोन वर्षांची असते आणि मानधन नसते. काम असे की मतदारांनी ज्यासाठी पैसे दिले त्यावरच ते खर्च झाले का, हे लेखापरीक्षण अहवाल वाचून तपासायचे आणि लोकांना कळवायचे. हिशेबाच्या विद्यार्थ्याला लेखापरीक्षण अहवाल वर्गात वाचायला मिळतो तो काल्पनिक कंपनीचा. इथे तो ज्या इमारतीत शिकला तिचाच असतो. अशा समित्यांवर अर्जदार शोधावे लागतात, हे मी जवळून पाहिले आहे. कॉलेज जिल्ह्यांचे विश्वस्त मंडळ निवडणुकीने येते आणि त्या मंडळावर पुढे उभे राहणाऱ्यांपैकी काहींची सुरुवात अशाच समितीतून झालेली असते. पण तो फार पुढचा विचार आहे आणि तो आज करण्याची गरज नाही.

सगळी क्षेत्रे हिशेबासारखी नसतात, हेही मान्य करायला हवे. नर्सिंगची असोसिएट पदवी घेणारी मुलगी चार वर्षांच्या पदवीधराप्रमाणेच एनक्लेक्स-आरएन ही परवाना परीक्षा देते आणि तिच्या क्षेत्रात रुग्णसेवेचे तास अभ्यासक्रमातच असतात. तिला बाहेरची सेवा शोधत बसण्याइतकी उसंतही नसते. तिच्या पालकांनी हे उत्तर वाचून तिच्यावर आणखी ओझे टाकू नये.

व्हिसाबद्दल दोन वाक्ये, कारण हा प्रश्न माझ्याकडे सतत येत असे. तुमचा मुलगा ग्रीन कार्डधारक असल्याचे तुम्ही लिहिले आहे, तेव्हा त्याला वर्क-स्टडीची अडचण नाही. पण एच-४ वर (एच-१बीसारख्या कामाच्या व्हिसावर आलेल्या पालकांच्या कुटुंबीयांच्या व्हिसावर) असलेल्या मुलांना पगारी काम करता येत नाही, फेडरल मदत मिळत नाही, आणि एकविसाव्या वर्षी त्यांचा तो दर्जाच संपतो. त्यांनी सेवा निवडताना ते काम सर्वांसाठीच विनावेतन आहे, एरवी पगार देऊन करवून घेतले जाणारे नाही, याची खात्री करावी, आणि शंका असल्यास इमिग्रेशन वकिलालाच विचारावे.

राहता राहिला वेळेचा प्रश्न, आणि तो खरा आहे. तिसऱ्या वर्षाला थेट प्रवेश घेणाऱ्या विद्यार्थ्यांचे पहिले सत्र जड जाते. ग्रेड थोडे घसरतात आणि मग बहुतेकांचे सावरतात. म्हणून ऑगस्ट ते डिसेंबर या काळात त्याने नोकरी आणि अभ्यास एवढेच करावे, मंडळाच्या खजिनदाराला फक्त कागदपत्रे जमवायला मदत करावी, आणि व्हिटाचे प्रशिक्षण हिवाळ्याच्या सुटीत संपवावे. जानेवारीपासून आठवड्यातून एक शनिवार व्हिटा केंद्रावर पुरेसा आहे. रेझ्युमेवर ‘समाजसेवा’ असे वेगळे शीर्षक देऊन हे काम तळाशी ढकलू नये. ‘अनुभव’ या शीर्षकाखालीच नोकरीच्या शेजारी लिहावे, काम विनावेतन होते हे स्पष्ट नोंदवावे, आणि प्रमाणपत्राची पातळी व अंदाजे किती विवरणपत्रे भरली हे खरे ते लिहावे. ग्राहकांची नावे किंवा आकडे मुलाखतीतसुद्धा उच्चारू नयेत. अनुभवी मालक ही गोष्ट बारकाईने पाहतात.

फूड बँकेचे काय, असे तुम्ही विचाराल. ती सोडायची गरज नाही, फक्त तिचा हंगाम बदलावा. नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये, थँक्सगिव्हिंग आणि नाताळाच्या सुमारास, तिथे स्वयंसेवकांची इतकी गर्दी होते की पाळ्या मिळत नाहीत. जून-जुलैत शाळा बंद असल्यामुळे मुलांचे शाळेतले जेवण थांबते, घरांची गरज वाढते, आणि नेमकी तेव्हाच माणसे सुट्टीवर गेलेली असतात. करहंगाम एप्रिलमध्ये आणि सत्र मे महिन्यात संपते. त्यामुळे उन्हाळ्याच्या पाळ्यांसाठी त्याने आताच नाव देऊन ठेवावे, आणि जानेवारी ते एप्रिल येता येणार नाही हे तिथल्या समन्वयकाला आधीच सांगून टाकावे.